कोड नव्व्याण्णव

फेब्रुवारीत पोचले, ही पहिली चूक.
प्रस्तावात लिहिलं होतं:
क्षेत्रकार्य धान कापणीनंतर, कुटुंबं घरी असतील.
मोहबोडीत घरं चव्वेचाळीस,
त्यातल्या एकतीस दारांना कुलूप,
आणि शाळेसमोरच्या ओट्यावर डोमाजी नन्नावरे,
तारेत ओवलेल्या एकतीस चाव्या
मांडीवर घेऊन.

"गाव मिरचीले गेलं बाई. खम्ममकडं.
होळीपासी येतीन.
तुमाले का विचाराचं ते मले विचारा."

माझ्याकडं बासष्ट प्रश्न होते,
विद्यापीठाच्या नीतिसमितीनं दोनदा परत पाठवून
तिसऱ्यांदा मंजूर केलेले.
कुटुंब म्हणजे
एका चुलीवर जेवणारी माणसं, अशी व्याख्या.
डोमाजी एकेक चावी सरकवत गेले:
ही गडमडेची. पाच माणसं. चूल अठी थंडी,
तठी तीन गोट्यायची.
ही पितळी श्रीरामेची. त्यायची बकरी माझ्याकडं,
म्हातारी बी माझ्याकडं.
ही कोणाची, ध्यानात नाई.
आले का ते ओळखतीन.

प्रत्येक कुलपासमोर मी कोड भरला: नव्व्याण्णव.
उत्तर उपलब्ध नाही.
तार वाजत होती.

चौथ्या दिवशी सत्यफुला दडमल एकटीच परतली,
नणंदेच्या बाळंतपणासाठी, ठेकेदाराशी भांडून.
मजुरीत मिळालेली दीड गोणी मिरची
तिनं अंगणात पसरली
आणि पोराला जवळ येऊ दिलं नाही.
हात दोन दिवस असेच राहतात म्हणाली,
ताक लावा नाहीतर शेण लावा.
पोरगं उंबऱ्यावर बसून आईच्या हातांकडं बघत राहिलं.

मी प्रश्न सतरा वाचला. स्थलांतराचं कारण.
पर्याय सहा.
तिनं ते ऐकून घेतले
बाजारात दुसऱ्याच्या मालाचा भाव ऐकावा तसे.
"हे सारं हाय," म्हणाली. "पण सातवं लिवा.
तठी रातच्याला सतरा बाया
एका मांडवात निजतो.
कोणी पाणी मागत नाई, कोणी हाका मारत नाई.
आमी हासतो बाई.
इतक्या हासतो का मालक बॅटरी मारून पाह्यते,
का झालं मनते तेलुगूत,
आन् मंग आखीन हासतो."

सातवी चौकट छापलेली नव्हती.
समासात लिहिलं: हसणं.
पेन्सिलनं.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर.
तिथं चढून मी मार्गदर्शकांना सांगितलं.
त्यांच्या खिडकीत दुपारीच अंधार पडला होता.
"रंजक आहे," ते म्हणाले, "तळटीपेत घ्या.
प्रकरण चौथं 'विवश चलनशीलता' आहे, विसरू नका."
प्रकरण चौथ्यात मोहबोडी म्हणजे 'गाव क'.
सत्यफुला म्हणजे 'स्त्री, ३४'.
माझ्या स्लाइडवर खम्ममपासून ग्वांगझाऊपर्यंत
एक लाल बाण जातो, त्याची जाडी टनांत.
तिची दीड गोणी त्या बाणातून सांडलेली,
इथं उन्हात,
आणि मला शिंका.

निघायच्या दिवशी ओट्यावर बसले एस.टी.ची वाट बघत.
डोमाजींनी माझी बॅग पाहिली,
मग सहज, बकरीला हाकलता हाकलता:
"तुमच्या घराची चावी कोणाकडं ठेवली?"

म्हटलं, तिकडं चावी नसते, कार्ड असतं.
तीस जूनपर्यंत चालतं.
व्हिसा वाढला तर पुढं.

"तिकडचं नाई. अठलं."

सिंदेवाहीचं क्वार्टर बाबा निवृत्त झाले तेव्हाच सुटलं.
आता दोघं दादाकडं, नागपूरला,
हॉलमधल्या दिवाणावर माझी पुस्तकं.
हे सांगावं म्हणून तोंड उघडलं
आणि प्रश्न क्रमांक आठवू लागला.

ते काही बोलले नाहीत.
तारेचं टोक दातानं उकललं,
पितळी चावी थोडी बाजूला सारली
आणि हात पुढं करून बसले.
एस.टी. अजून आली नव्हती.